पिंजऱ्याबाहेरची गंमत

रविवार, ९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुला आणि भावोजींना नमस्कार, पिल्लाला पापा. बाबा काठीऐवजी आता वॉकर घेतात आणि पावलागणिक त्याला शिव्या घालतात. म्हणजे तब्येत उत्तम.

प्राणिसंग्रहालयात फिरणं कसं झालं, असं विचारलंस. घाण. दुसरा शब्द सुचत नाही. दीडशे वर्षांची ती बाग अजून देखणी आहे. उंच झाडं, लोखंडी मंडप, संगमरवरी कारंजं. पण कारंज्यात पाण्याऐवजी वेफर्सच्या पिशव्या. गुलाबांच्या ताटव्यापाशीच पिंजऱ्यांचा ओला, आंबूस भपकारा येतो. अस्वलाला खरूज झालीय. त्याच्यासमोर माणसं नाकाला रुमाल लावून आइस्क्रीम खात होती.

हवा छान होती. तू माझ्यासाठी शोधलेल्या दातांच्या डॉक्टरने नवा शर्ट घातला होता.

बरं, टाळून टाळून किती टाळणार? सांगते.

एका पिंजऱ्यात म्हातारी माकडीण होती, एका डोळ्याने अधू. तिने गजांतून हात पुढे केला. डॉक्टरने चॉकलेट स्वतः खाल्लं, कागद आत काहीतरी असल्यासारखा नीट गुंडाळला आणि तिच्या तळव्यावर ठेवला. तिने कोपऱ्यात जाऊन तो हळूच उलगडला, हुंगला, चाटला. आणि परत येऊन हात पसरला.

"बघ, आली पुन्हा!" तो म्हणाला. लोक हसले. मग त्याने कागदात खडा गुंडाळून दिला. ती कचकन चावली. ताई, तो दातांचा डॉक्टर आहे. तो आवाज कसला, हे त्याला माझ्याआधी कळलं असणार. तो हसून हसून वाकला.

"काय मिळालं तुला?" मी विचारलं.

"अगं, गंमत! किती मनाला लावून घेतेस!"

हे वाक्य मला पाठ झालंय. बाबा लग्नानंतर आपल्याकडेच राहतील, असं तो म्हणाला होता. बाबांनी हौसेने बॅग काढून ठेवली. पुढच्या भेटीत म्हणतो, "गंमत केली गं. म्हाताऱ्याला कुठे नेतेस?" मी रडले, तर पुन्हा हो म्हणाला. प्राणिसंग्रहालयात जाताना बसमध्ये परत नाही. स्थळ तू आणलेलंस, म्हणून तुला कळवलं नव्हतं.

"बाबांचं खरं काय ते सांग," मी तिथेच म्हटलं.

"आधी लग्न तर होऊ दे," म्हणाला आणि डोळा मारला.

त्या वासानेही आली नव्हती एवढी शिसारी आली. मी अंगठी काढून त्याच्या हातात दिली.

"लोक बघतायत," तो दबक्या आवाजात म्हणाला.

"बघू देत." आणि फाटकातून एकटीच बाहेर पडले.

लग्न मोडलंय, ताई. एका माकडापायी मोडलं, असं तो भावोजींना सांगेल. सांगू दे.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "माझ्यामुळे?"

"नाही हो," मी म्हटलं, "मला त्याची किळस येते म्हणून."

माझी समजूत घालायला येणार असशील, तर येऊ नकोस. नुसतीच ये.

तुझी,
धाकटी