पाच नंबरचा बहिरा

४ मार्च

फक्त बघून येणार होतो. तेही फाटकाबाहेरून. दिसला तर दिसला, नाहीतर कुणीतरी नेला असं समजायचं आणि पुढची गाडी पकडायची — एवढंच ठरलं होतं. पण फाटकाशी जरा रेंगाळलो तर आतून एक बाई आल्या, माझ्या हातात खराटा दिला आणि म्हणाल्या, "कामाचं विचारायला आलास ना? आधी मांजरांची खोली घे."

मी नाही म्हणालोच नाही! खराटा हातात आला की माणूस झाडायला लागतो.

त्या म्हणजे ताई. हा निवारा त्याच चालवतात. टाकलेली, हरवलेली कुत्री-मांजरं सांभाळायची आणि त्यांच्यासाठी घरं शोधायची, हे इथलं काम. मागे सामानाची खोली आहे, तिथे झोप म्हणाल्या.

तो अजून इथेच आहे. पाच नंबरच्या पिंजऱ्यात.

५ मार्च

नीट लिहितो. वहीशी खोटं बोलून काय मिळणार?

नोव्हेंबरात मीच त्याला या फाटकाला बांधला. उजाडायच्या सुमाराला. समुद्राकडे बोटी रंगवायचं काम मिळालं होतं, ट्रक त्याच दिवशी निघत होता, आणि ड्रायव्हर म्हणाला होता, कुत्रा नको. खोली मी आधीच सोडलेली. मग काय करणार? — असं तेव्हा वाटलं. फाटकावर कॅमेरा आहे का ते आधी बघून घेतलं. हेही लिहायलाच हवं. नव्हता.

गाठ पक्की मारली. पाण्याचा डबा भरून ठेवला. तो शहाण्यासारखा बसला. मी म्हणालो, "बस. आलोच."

आलोच!

बोटींना निळा रंग होता. तो नखांतून निघतच नाही, रॉकेलने धुतलं तरी कडेला राहतोच, आणि जेवताना — हे मी काय लिहीत बसलो. विषय तो नाही.

६ मार्च

त्याने ओळखलं मला. जाळीशी आला, हाताचा वास घेतला, सावकाश, बोट न् बोट. मग परत गेला आणि फाटकाकडे तोंड करून बसला. माझीच वाट बघतोय. माझ्याकडे पाठ करून.

७ मार्च

इथे सगळ्यांचं खाणं-पिणं मावशी बघते. जिभेला हाड नाही, पण हात प्रेमळ. पहिल्याच दिवशी माझं नाव तिने 'भटक्या' ठेवलं. आज पाच नंबरला भांडं देताना म्हणाली, "याच्याशी बोलून तोंड दुखवू नकोस. ठार बहिरा आहे."

"बहिरा?"

"वाघ्या म्हणून झालं, मोत्या म्हणून झालं, राजा, शेरू, बंड्या! माझ्या नवऱ्याचंसुद्धा नाव घेऊन बघितलं. मान वळवत नाही मेला. डॉक्टरांनी कानामागे घंटी वाजवली. फाटकावरची नजर हलली नाही."

मी भांडी विसळत राहिलो. एकच भांडं तीनदा विसळलं.

तो बहिरा नाही. त्याचं नाव पाहुणा आहे.

पेट्रोल पंपापासून मागे मागे आला होता. घरमालकीण दारात उभी. "हा किती दिवस?" मी म्हटलं, "पाहुणा आहे, उद्या जाईल." दीड वर्ष राहिला. तेच नाव पडलं. "पाहुण्या" म्हटलं की तीन गल्ल्या ओलांडून यायचा.

एका शब्दाचं काम आहे. पण तो शब्द मला ठाऊक कसा, असं विचारतीलच ना कुणीतरी.

९ मार्च

माझं अक्षर बरं आहे असं ताईंचं मत. त्यामुळे पिंजऱ्यांवरची कार्डं नव्याने लिहायचं काम माझ्याकडे आलं. वय, रंग, लशी, नसबंदी झाली की नाही, स्वभाव. लोक आधी कार्ड वाचतात आणि मग जनावराकडे बघतात.

पाच नंबर. वय अंदाजे तीन. तपकिरी, एक कान उभा, एक पडलेला. स्वभाव शांत. ताई सांगत होत्या, मी लिहीत होतो. "आणि खाली मोठ्या अक्षरात लिही — बहिरा."

मी विचारलं, "'हि' पहिली की दुसरी?"

"पहिली. शाळेत गेला होतास की नाही?"

"येऊन-जाऊन."

ताई हसल्या. मीही हसलो. मग पहिली वेलांटी काढली, छान वळणदार.

१२ मार्च

आज एकडोळी मांजर गेली. गल्लीतल्या न्हाव्याने नेली. म्हणे, "दोन डोळ्यांची गिऱ्हाइकं रोज माझ्या कामात खोट काढतात, 'इथे राहिलं, तिथे राहिलं' करून. ही निम्मंच बघेल." मांजर त्याच्या खांद्यावर बसूनच गेली. मी बघतच राहिलो. तिच्या पिंजऱ्याला कडी घालायची राहिली आणि सात नंबरची पिल्लं तिथे जाऊन बसली. मावशीने माझा उद्धार केला.

दुपारी एक जोडपं आलं, तरुण. काळ्या पिल्लासाठी अर्ज भरला. पत्ते बघितले तर वर्षात तीन घरं बदललेली. ताईंनी मला विचारलं, "काय वाटतं?" मी म्हणालो, "आणि चौथ्या घरात कुत्रा चालत नसला तर? रस्त्यावर सोडणार का याला?"

मी! मी म्हणालो हे!

त्या मुलीचं तोंड उतरलं. ते गेल्यावर ताई म्हणाल्या, "बरोबर नेम धरलास."

१४ मार्च

ताई जुनी नोंदवही चाळत होत्या. पाच नंबरची नोंद मला वाचून दाखवली: "फाटकाला बांधलेला. चिठ्ठी नाही. पाण्याचा डबा भरलेला." मग म्हणाल्या, "मारून टाकणारे परवडले म्हणत नाही मी. पण ही गाठ मला सुटेना, सुरीने कापावी लागली. डबाही काठोकाठ भरलेला. एवढी काळजी! आणि नाव मात्र लिहून ठेवता आलं नाही. नाव लिहायला काय पडतं रे?"

मी म्हटलं, "काहीच नाही."

१७ मार्च

एक टेलर आले होते. साठीचे. गळ्यात टेप तसाच लटकत होता, काढायचा राहिलेला. सगळे त्यांना काका म्हणायला लागले, मीही. दुकान खाली, घर वर, एकटेच. सगळे पिंजरे बघून पाच नंबरपाशी थांबले आणि तिथेच उकिडवे बसले. पाहुण्याने फाटकावरची नजर काढली, त्यांच्या टेपचं टोक हुंगलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणाचं काही हुंगलं. माझं सोडून.

"हाच," काका म्हणाले. मग कार्ड वाचलं. बराच वेळ वाचलं. खाली मोठ्या अक्षरात एकच तर शब्द होता!

"बहिरा नको हो, ताई. दुकान हमरस्त्यावर आहे, दार दिवसभर उघडं. हाकेला यायला हवा. चिरडला-बिरडला तर मी कुणाला तोंड दाखवू?"

ताईंनी दुसरी दोन दाखवली. नको म्हणाले. जाताना परत पाच नंबरशी थांबले आणि हळूच म्हणाले, "माफ कर हं." बहिऱ्याला!

मी मागे फिनाइलची बादली घेऊन उभा.

१८ मार्च

आज सांगणार होतो. नाही सांगितलं.

२० मार्च

ताईंनी यादी लावली. जागा संपलीय. तीस तारखेला गाडी येईल आणि ज्यांना घर मिळालं नाही त्यातली सहा शहराबाहेरच्या मोठ्या निवाऱ्यात जातील. तिथे दोनशे कुत्री आहेत. मी मावशीला विचारलं, तिथून लोक नेतात का घरी? म्हणाली, "तिथे लोक जातच नाहीत, नेतील कुठून?"

यादीत पाच नंबर पहिला.

ट्रक, बोटी, रंग, सगळं जमतं मला. कुठेही जाऊन उभं राहायचं, दोन दिवसांत ओळखी होतात. तोंड उघडून चार शब्द बोलणं तेवढं जमत नाही. ते चार शब्द बोलले की इथूनही जावं लागेल. गंमत म्हणजे, आयुष्यात पहिल्यांदा जावंसं वाटत नाहीये.

२३ मार्च

हे लिहायची लाज वाटते. तरी लिहितो.

निवाऱ्याला मदत करणारे काही लोक बघायला आले होते. मावशी अंगणातून ओरडली, "भटक्या, पाहुण्यांना खुर्च्या दे!"

पाच नंबरचा उभा कान टवकारला. मान अर्धी वळली. मावशी नेमकी तिथेच बघत होती.

माझ्या हातात रिकामी बादली होती. मी ती फरशीवर सोडली. मुद्दाम. धाडकन आवाज, सगळी कुत्री भुंकायला लागली, आणि तो कान पुन्हा होता तसा.

मावशी म्हणाली, "हाताला भोकं पडलीत का तुझ्या?"

सात दिवस राहिलेत, आणि मी बादली पाडतोय.

२६ मार्च

आज केलं. पण कसं केलं, ते वाच.

सकाळी डॉक्टर लशी द्यायला आले होते. ताई, मावशी, सगळे पाच नंबरपाशीच. मी म्हणालो — रात्रभर पाठ केलं होतं — "ताई, परवा मावशी 'पाहुण्यांना' म्हणाली तेव्हा याचा कान हलल्यासारखा वाटला. नाव तसंच काही असेल का?"

"पाहुणा? असलं कुठे नाव असतं?"

"बघू तर."

आणि मी हाक मारली. साडेचार महिन्यांनी. "पाहुण्या!"

तो वळला. आधी नुसती मान. मग उठला आणि असा आला की जाळी हलली. नुसती शेपटी नाही, अख्खा मागचा भाग हलत होता. तोंडातून कसलातरी आवाज, भुंकणं नाही, रडणं नाही. मी खाली बसलो.

सगळे ओरडले! ताईंनी माझ्या पाठीत धपाटा घातला, "डोकं आहे रे तुला!" डॉक्टर म्हणाले, "माझी डिग्री तूच लाव भिंतीवर." मावशीने डोळ्यांना पदर लावला आणि मला विचारलं, "तुझा आवाज का बसलाय?"

तेव्हा सांगता आलं असतं. अगदी तोंडाशी आलं होतं.

मी म्हणालो, "थंड पाणी प्यालो."

२८ मार्च

टेलरकाका आले. ताईंनी परवाच त्यांना कळवलं होतं, काल त्यांचं घर बघून घरभेटही उरकली होती. नवं कार्ड मी लिहिलं: नाव पाहुणा. ऐकू उत्तम येतं.

काकांनी जरा लांबून हाक मारून बघितली, बिचकत बिचकत, "पाहुण्या?" तो गेला. त्यांच्या चपलांवर बसला. काका आमच्याकडे बघून असे हसले की जणू त्यांचं लग्न ठरलंय.

निघताना फाटकाच्या त्या खांबाशी तो थांबला. हुंगला. माझ्याकडे बघितलं. काहीतरी बोलायला हवं होतं. माझ्या तोंडात एकच शब्द आला, जुना, तोच. गिळला.

मग तो काकांबरोबर वळला. निळी दोरी, पायांत पाय. ताई म्हणाल्या, "काय रे, डोळे भरले? पहिल्या वेळी होतंच."

२९ मार्च

ताईंनी फळ्यावर माझा फोटो लावलाय. खाली लिहिलंय, 'याने नाव शोधलं.' येणारे-जाणारे शाबासकी देतात. मी दुपारी फोटो उलटा केला. मावशीने सुलटा केला. मी परत उलटा केला. मावशी म्हणाली, "लाजतोस काय नव्या नवरीसारखा!"

३१ मार्च

पिशवी भरली. रिकामी केली. परत भरली. कुठे जायचं तेच सुचेना. कार्डं लिहीत बसलो. सात नंबरच्या पिल्लांची, चारही.

३ एप्रिल

टेलरकाकांचा फोन. ताई घरभेटीला गेलेल्या, मीच उचलला. मागे शिलाई मशीन चालू होतं.

"सगळं झकास आहे रे. खातो, झोपतो, गिऱ्हाइकांचे लाड करून घेतो. रस्त्यावर पाऊल टाकत नाही, हाक मारली की हजर. एकच विचारायचं होतं. तूच त्याला नीट ओळखतोस म्हणून."

"विचारा ना."

"मी नुसता उठून बाहेर गेलो तर काही नाही. 'जातो' म्हटलं तरी काही नाही. पण धाग्याचं रीळ आणायला जाताना मी सवयीने 'आलोच' म्हणतो ना? ते ऐकलं की हा दारात आडवा पडतो. पँट दातांत धरतो. कापतो नुसता. परवा तसाच गेलो, तर येईपर्यंत पाण्यालाही तोंड लावलं नव्हतं. एवढ्याशा शब्दाला कुणी काय केलं असेल रे त्याला?"

मशीन चालू होतं.

मी म्हणालो, "काका, तो शब्द माझा आहे."

तिकडे मशीन थांबलं.