कपाटाची खालची बाजू

तीर्थस्वरूप भाऊजींना,

साष्टांग नमस्कार. (गुडघा सुजल्यामुळे तूर्त तो कागदावरच मानून घ्यावा. हे पत्रही उभ्यानेच लिहितोय. बसलं की उठवत नाही, आणि उठलं की चैन पडत नाही.) हवापालट मानवला असेल, रक्तदाब आटोक्यात असेल आणि ताईने लपवलेलं मीठ तुम्हाला अजून सापडलं नसेल, अशी आशा आहे. डॉक्टरांनी फोन आणि पेपर दोन्ही बंद केल्याचं कळलं. फार चांगलं केलं. विशेषतः सोमवारचा पेपर तर अजिबात बघू नका. बघितलाच असेल, तर कपाटाखाली वाकलेला, पक्षाचा बिल्ला लावलेला तो इसम मीच.

झालं असं. ‘तरुण मतदार त्या समाजवादी उमेदवाराकडे का धावतात?’ हा तुम्ही जाण्यापूर्वी तयार केलेला फॉर्म घेऊन मी रविवारी लॉन्ड्रीमागच्या चार मजली इमारतीत गेलो. (फॉर्म उत्तम आहे. अज्ञान, संगत, मोबाइल आणि इतर, यातल्या एकावर खूण करायची. माझ्यासारख्या एकतीस वर्षं पक्षाच्या मतदारयाद्या सांभाळलेल्या माणसाला याहून सोपं काय असणार?) दुसऱ्या मजल्याच्या जिन्यावर तीन मुली एक लोखंडी कपाट वर चढवत होत्या. एक नर्स, एक शाळेत कंत्राटावर शिकवणारी, एक कुरिअरच्या गोदामात. मी फॉर्म काढला. नर्स म्हणाली, “काका, जरा खालची बाजू धरता?” एकतीस वर्षं ‘धरा’ म्हटलं की धरायची सवय. धरली. मालकाने भाडं वाढवलं म्हणून त्या दुसऱ्या मजल्यावरून चौथ्यावर, पत्र्याखालच्या खोलीत चालल्या होत्या. दोन वर्षांतली तिसरी खोली. कपाट मात्र तेच, आणि ते तिसऱ्या मजल्याच्या वळणावर असं अडकलं की वरच्या दोघी वर, मी आणि नर्स खाली, आणि फॉर्म कपाटाच्या मागे.

नेमका तेव्हाच तो समाजवादी उमेदवार आला. ज्याला सगळी पोरं ‘हसरा’ म्हणतात तो. घरोघरी फिरत होता, मागे एक फोटोग्राफर. बाह्या आधीच दुमडलेल्या (त्या उलगडलेल्या आजवर कुणी पाहिलेल्या नाहीत). त्याने माझा बिल्ला बघितला, हसला आणि म्हणाला, “काका, तुम्ही दमलात. तिरकं करा, मी घेतो.” तिरकं केल्यावर कपाट सुटलं, ही गोष्ट नाकारता येत नाही. फोटो निघाला. मग त्याचा फोन वाजला आणि तो गेला. पायऱ्या मी मोजल्या: सात. उरलेल्या एकोणीस मी चढलो, या वयात, या गुडघ्याने.

वर पोचल्यावर मी विजयी मुद्रेने म्हणालो, “बघितलंत? फोटोपुरता आला!” मला वाटलं, आता पोरींचे डोळे उघडतील. ते उघडेच होते. नर्स पाणी देत म्हणाली, “माहीत आहे की. मागच्या वेळी पाचच चढला होता.” मग याला मत कशाला देता, असं मी विचारलं. (फॉर्मबाहेरचा प्रश्न, क्षमस्व.) शिक्षिका म्हणाली, “भाडेवाढ थांबवीन म्हणतो. थांबेल असं मलाही वाटत नाही. पण भाडं किती, हे त्याने विचारलं. तुम्ही विचारलंत?” कपाटामागून काढलेला फॉर्म मी उलटून पाहिला. मागे कोरा होता. आता माझी बाजू सावरायला हवी म्हणून ‘आमच्या वेळी’ अशी सुरुवात केली, तर गोदामवालीने शांतपणे विचारलं की तुमच्या वेळी खोलीत पगाराचा कितवा हिस्सा जायचा. मी मनात हिशेब केला. पाणी प्यायलो, चांगलं होतं म्हणालो आणि उतरलो.

तेव्हापासून जिवाला स्वस्थता नाही. संध्याकाळी त्याच्या सभेला गेलो, अर्थात पाळतीवर. बोलतो छान. निम्मं मला पटलं नाही, उरलेल्या निम्म्याचा खर्च कोण देणार हे त्याने सांगितलं नाही. तरी शेजारचा पोरगा असा ऐकत होता, जसे आपण पंचविशीत जुन्या अध्यक्षांना ऐकायचो. तेही खर्चाचं सांगत नसत. मध्ये माझ्याकडून एक टाळी वाजली. डास होता, असं मी त्या पोराला सांगितलं. तो म्हणाला, “काका, इथे खूप डास आहेत,” आणि हसला.

सोमवारी फोटो छापून आला. अध्यक्षांनी बोलावून लेखी खुलासा मागितला आणि यादीचं कपाट (दुसरं, ऑफिसातलं) माझ्याकडून काढून घेतलं. एकतीस वर्षांनी रिकाम्या टेबलाशी बसणं काय असतं ते कळलं; दोन दिवस बसलो, तिसऱ्या दिवशी गेलो नाही. आता घरात येरझारा घालतो. राग कुणाचा येतोय तेच कळत नाही. त्याचा सातव्या पायरीवरून गेल्याबद्दल येतो, आपल्या पक्षाचा एकही न चढल्याबद्दल. खुलासा अजून दिलेला नाही. द्यावाच लागला तर ‘जड होतं’ एवढाच देईन.

ताईला नमस्कार. जपून असा.

तुमचा आज्ञाधारक (आजपर्यंतचा) मेहुणा

ता. क. १ : तुमच्या झाडांना रोज पाणी घालतो. जास्वंद फुलली आहे.

ता. क. २ : पत्र खरं तर यासाठी. तुमची माडीवरची खोली, चिरंजीव परदेशी गेल्यापासून बंद असलेली. त्या नर्सला रात्रपाळी करून दिवसा झोपावं लागतं आणि पत्र्याखाली दुपारी झोप लागत नाही. तिला ती खोली परवडेल अशा भाड्यात देता का? नाही म्हणालात तरी मी वाईट वाटून घेणार नाही.

ता. क. ३ : कारण ती काल राहायला आली. भाडं पाच वर्षं वाढणार नाही असं लिहूनही दिलंय. सही ताईची आहे, कुरिअरने मागवलेली. घर तिच्याही नावावर आहे, हे मला घरपट्टीच्या यादीवरून पाठ. ताई फोनवर म्हणाली, “यांना नंतर सांगू.” हे ते नंतर.