कॅशमिलॉनचा स्वेटर

पानिपतच्या पुढचा ढाबा,
ता. ३ डिसेंबर

ती. ज्योत्स्नाताईस,
योगेंद्रचा सा. न. वि. वि.

पत्र बघून हसशील. सातवीत शाळा सुटली तेव्हापासून पेन धरला नाही, म्हणून अक्षर असं कोंबडीनं उकरल्यासारखं. तुझ्या बालवाडीतल्या पोरांना दाखवू नको. फोन का नाही केला म्हणशील. फोन सेठनं गेटवर ठेवून घेतला, आधार कार्डही. लग्नसराई संपली की दोन्ही परत देतो म्हणाला. सुकलालदादा केळीचा ट्रक घेऊन या ढाब्यावर थांबतात आणि मी पाण्याच्या टँकरसोबत इथं येतो, तेवढीच भेट. त्यांच्या फोनवरून बोललो असतो, पण माय तुझ्या हातातून फोन ओढून घेते आणि माझ्या आवाजावरून तिला सगळं कळतं. कागदावर आवाज ऐकू येत नाही.

तर ऐक, आणि हे तुझ्यापाशीच ठेव. मायला मी खेळण्यांचा कारखाना सांगितला आहे. तसं नाही. फटाक्यांचा आहे. वरातीत आभाळात उडवतात ते मोठे गोळे आम्ही भरून राहिलो. शेतांच्या मधोमध शेड आहेत, एकमेकांपासून लांब लांब, आणि गेटवर पाटी प्लास्टिकच्या पाइपांची. आम्हाला रात्री बंद टेम्पोत आणलं, त्यामुळे गावाचं नाव मलाही ठाऊक नाही. विचारलं की सगळे हसतात. गोळ्यात चांदीसारखी पूड भरावी लागते. नखात बसली की साबणानं निघत नाही.

सोडून ये म्हणशील. पण ताई, मी हॉटेल सोडलं, कोल्ड स्टोरेज सोडलं, सुरत सोडलं, बाबांच्या पॉवरलूमवर तर आठवडा काढला नाही. निघताना बाबा काय म्हणाले तू ऐकलंस. याचे पाय ठरत नाहीत, संक्रांतीच्या आत परत येतो बघ, म्हणाले. तर या बारीला टिकून दाखवतो. एक लग्नसराई, बस.

काम करणाऱ्यांची बायकापोरं इथंच राहतात. पोरं पुठ्ठ्याच्या रिकाम्या नळकांड्यांशी खेळतात, मला बघवत नाही. मायला सांग, तिचे ते विणलेले हत्ती-ससे असतील तर पाठव. थंडीचं काय सांगू, सकाळी बोटं माझी नसतात.

अक्षर बघून माझ्यावरची माया कमी करू नको, एवढंच मागणं.

तुझा,
योगेंद्र


लालबाग, बुऱ्हाणपूर,
ता. ११ डिसेंबर

चि. योगेंद्र यास,
ज्योत्स्नाताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं अक्षर पोरांना दाखवलं नाही, वाईट सवय लागली असती. मायला मात्र पत्र वाचून दाखवावंच लागलं. मधला मजकूर गाळून वाचला. गाळताना जीभ अडखळली तर ती म्हणाली, बालवाडीची बाई असून तुला भावाचं पत्र सरळ वाचता येत नाही. तुझ्यामुळे मला खोटं वाचावं लागलं, हे तुझ्या नावावर लिहून ठेवते.

ती तर खुशीत आहे. मुलगाही खेळणी करतो आणि आईही, आता दोघं एकाच धंद्यात, असं तिनं सगळ्या गल्लीला सांगून झालं. बहादरपूरच्या भागाबाई आत्याच्या नातवाला तिनं या आठवड्यात एक केळं विणून दिलं, डोळे नि मिशा असलेलं. पोरगं त्याला कुशीत घेऊन झोपतं आणि खरं केळं खायला तयार नाही. त्याच्या बापाची केळीची बाग, तो डोक्याला हात लावून बसला आहे.

तुझ्या तिथल्या पोरांसाठी ती हत्ती, ससे आणि दोन बाहुल्या करून राहिली. पोटात भरायला बाबा कारखान्यातून मागाखालचा कापूस आणतात. आणि तुझ्यासाठी स्वेटर सुरू आहे. माप बाबांच्या अंगावर घेतलं. बाह्या लांब ठेवल्या आहेत, कारण तू अजून वाढतोस असं तिला वाटतं. खरी लोकर टोचते म्हणून तू लहानपणी रडायचास, म्हणून चौकातल्या दुकानातून मऊ कॅशमिलॉन आणली, विटकरी रंगाची. सुया थांबत नाहीत. मी म्हटलं, जरा डोळ्यांना आराम दे. तर म्हणाली, पोरगं पहिल्यांदा एका जागी टिकलं आहे, त्याला थंडीनं परत पाठवायचं का.

योगू, हे वाक्य ऐकून मला जेवण गेलं नाही. टिकण्याची पैज तू चुकीच्या जागी लावून बसला आहेस. बाबांचं बोलणं एवढं मनाला लावून घेऊ नकोस, ते रोज मागालाही तसंच बोलतात. सेठ कार्ड देत नसेल तर कार्ड राहू दे, नवं निघतं. निदान एवढं कळव की तिथं विडी-काडी कोण सांभाळतं आणि दवाखाना किती लांब आहे.

जपून राहा. रागावले तरी तुझीच आहे, हे विसरू नकोस.

तुझी,
ताई


ढाबा,
ता. २३ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पार्सल मिळालं. पोरांची गंमत तू बघायला हवी होती. एकानं हत्तीची सोंड चोखून चोखून पातळ केली. इथं एक छोटी मुलगी आहे, तिनं बाहुलीला पाठीवर बांधलं आहे आणि आईसोबत शेडच्या दारापर्यंत तशीच येते. मायला सांग, तिच्या धंद्याला इथं फार गिऱ्हाईक आहे.

स्वेटर एकदम मस्त बसला. बाह्या लांब आहेत म्हणून मी बोटं आत ओढून घेतो, हातमोज्यांचंही काम होतं. गंमत म्हणजे उस्ताद तो घालू देत नाही. उस्ताद म्हणजे पूड मिसळणारा म्हातारा, एका हाताला तीनच बोटं. त्याचे नियम ऐकशील तर तुझ्या बालवाडीत चालतील. चप्पल बाहेर. खिशात किल्ली नाही. आत शिरताना ओल्या मातीवर अनवाणी उभं राहायचं आणि दारातल्या लोखंडी सळईला हात लावायचा. जमिनीवर सकाळ-दुपार पाणी शिंपडायचं, एवढ्या थंडीत. आणि अंगात फक्त सुती कपडा. तो स्वतः एका सदऱ्यावर कुडकुडत बसतो. का म्हणून विचारलं तर शिव्या देतो, कारण सांगत नाही. त्याच्या उस्तादानं त्याला सांगितलं, म्हणून तो आम्हाला सांगतो.

म्हणून मी स्वेटर आत आणि सुती शर्ट वर, गळ्यापर्यंत बटणं लावून. त्याला दिसत नाही. मायनं एवढं विणलं ते पेटीत ठेवायला नाही. पूड खुशाल भरतो, काही होत नाही.

दवाखान्याचं विचारलंस. ठाऊक नाही. आमच्या पलीकडच्या शेडला छप्पर नाही, भिंतीही काळ्या आहेत. आधी वाटलं अर्धवट बांधलेली आहे. विचारलं तर सगळे जेवायला लागले. विडी कुणी ओढत नाही, तेवढं टेन्शन घेऊ नको.

फेब्रुवारीत येतो. बाबांना म्हण, संक्रांत तर अशीच निघून जाईल. तोवर मला आपला समज, परका करू नको.

तुझा,
योगेंद्र


लालबाग, बुऱ्हाणपूर,
ता. २ जानेवारी, सकाळी

चि. योगेंद्र यास,
आशीर्वाद.

सुकलालदादा ट्रक घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभे आहेत, म्हणून उभ्यानंच लिहिते. तुझा उस्ताद कारण सांगत नाही, ते मी सांगते.

काल मी मायचे कॅशमिलॉनचे गुंडे उचलून लोखंडी कपाटात ठेवायला गेले तर बोटाला चटका बसला, तडकन आवाज आला. बाबा जेवत होते. ते म्हणाले, या दिवसांत हवा कोरडी असते, कारखान्यात पॉलिस्टरचं सूत लावलं की असाच करंट बसतो, म्हणून ते लूमखाली पाणी मारतात. कॅशमिलॉन त्याच जातीची, असंही म्हणाले. ते सहज बोलले आणि भाकरी मोडून खाऊ लागले. मला तुझं पत्र आठवलं. पाणी, ओली माती, लोखंडी सळई, सुती कपडा. योगू, तो म्हातारा थंडीत उगाच कुडकुडत नाही. आमच्याकडे चटका बसतो. तुझ्याकडे पूड आहे.

तो स्वेटर अंगात ठेवू नकोस. हे पत्र वाचशील तिथंच, उभ्या जागी काढून टाक. उद्यावर ढकलू नकोस, माय काय म्हणेल त्याचा विचार करू नकोस. तिला मी बघते.

सुकलालदादा हॉर्न देऊन राहिले. ऐक माझं.

तुझी,
ताई


लालबाग, बुऱ्हाणपूर,
ता. ४ जानेवारी

चि. योगेंद्र,

मागच्या पत्रात मी चुकीचं लिहिलं. ते पाळू नकोस. जिथं वाचशील तिथं काढू नकोस.

काल संध्याकाळी मी बाबांना सगळं सांगितलं. खेळण्यांचा नाही, फटाक्यांचा, हेही. माय भाकऱ्या थापत होती, तिनंही ऐकलं. बाबा रागावतील असं वाटलं होतं. ते उठले, त्यांनी घरातला दिवा बंद केला आणि मायला म्हणाले की अंगातला स्वेटर डोक्यावरून ओढून काढ. ती काही न विचारता उठली. तिनं ओढला आणि अंधारात तिच्या केसांपासून हातापर्यंत निळ्या ठिणग्या तडतडत गेल्या. मी इतकी वर्षं तो आवाज ऐकते, दिव्याच्या उजेडात कधी दिसलं नाही. बाबांनी दिवा लावला आणि विचारलं की तू त्याला काय लिहिलंस. मी सांगितलं. ते खाटेवर बसले. नुसता अंगात असतो तेव्हा करंट कमी असतो, म्हणाले, ओढून काढताना सगळा एकदम सुटतो.

म्हणून नीट वाच. शेडपासून लांब जा, उघड्या शेतात. हात-पाय पाण्यानं ओले कर, स्वेटरही भिजव, पाण्याची बादली अंगावर ओतून घे. मग काढ. थंडी वाजली तर वाजू दे. ती बाहुलीवाली मुलगी शेडच्या दारात येते असं तू लिहिलं होतंस, बाहुलीही कॅशमिलॉनचीच, ती तिच्याकडून घे. सगळ्यांकडून घे. रडू दे त्यांना.

कालपासून सुकलालदादांचा फोन लावून राहिले, बंद येतो. वाटेत धुकं आहे म्हणतात, ट्रक जागोजागी थांबले आहेत. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला उशीर होवो म्हणून हात जोडले. पोलिसांना फोन केला तर त्यांनी गावाचं नाव विचारलं. ते कुणाला ठाऊक आहे. बाबा हे पत्र घेऊन आत्ता गाडीनं निघून राहिले. त्यांना ढाब्याचं नाव सांगितलं आहे, पुढे पाण्याच्या टँकरमागे जातील. पिशवी भरताना मला म्हणाले, त्याला सांग की मी हरलो, तो टिकला.

मायनं सुया हातात घेतलेल्या नाहीत. चुलीपाशी बसून आहे.

तू ये. नुसता ये.

तुझी,
ताई


ढाबा,
ता. ४ जानेवारी, सकाळी

ती. ताईस,
योगेंद्रचा सा. न. वि. वि.

सुकलालदादा आत्ता पोचले. धुक्यात ट्रक रात्रभर अडकला होता आणि वाटेत कुणी त्यांचा फोनही मारला, त्यामुळे बिचारे वैतागले आहेत. तुझं पत्र दिलं. अजून उघडलं नाही. ते माल उतरवायला पुढे जातात आणि दुसऱ्या ट्रकवाल्याच्या हाती तुला आत्ताच चिठ्ठी पाठवतो म्हणाले, म्हणून आधी उत्तर लिहितो आणि मग पत्र वाचतो. उलटं काम झालं, पण तू काय लिहिलं असशील ते मला पाठ आहे. सोडून ये, कार्ड राहू दे, दवाखाना किती लांब.

तर तुला खुशखबर देतो. मी पण आता कंटाळलो. हे दुसऱ्या कुणाला सांगणार नाही. काल रात्री झोप नाही आली, पलीकडच्या बिनछपराच्या शेडकडे बघत बसलो. मनात आलं, पैज कुणाशी लावली मी, बाबांना तर आठवतही नसेल. येत्या रविवारी टँकरसोबत ढाब्यावर यायचं आणि परत जायचंच नाही, सुकलालदादांच्या शेजारी बसून सरळ बुऱ्हाणपूर. बाबा हसतील. हसू दे. संक्रांतीच्या आत परत येतो म्हणाले होते, त्यांचं खरं करून टाकतो. मायला आत्ता सांगू नको, मी दारात उभा राहीन तेव्हा तिला तिचा स्वेटर अंगावर बघू दे. अजून एकदाही धुतला नाही, घराचा वास जाईल म्हणून.

आज मोठ्या वरातीची ऑर्डर आहे, सगळ्यांना पूड मिसळायच्या शेडमध्ये बसवलं आहे. टँकरवाला हाका मारून राहिला. इथं धुक्यात अक्षर दिसत नाही, आणि सेठ संध्याकाळपर्यंत बाहेर सोडायचा नाही. त्या शेडला मात्र उजेडाची खिडकी आहे. चहाच्या वेळेला तिथं बसून तुझं पत्र आरामात वाचतो, एक एक अक्षर लावून. तू जे लिहिलं असशील ते या बारीला तिथल्या तिथं ऐकतो, असा शब्द देतो. लहानपणापासून कधी ऐकलं नाही, म्हणून.

रविवारपर्यंत माझी आठवण ठेव, मग मी आहेच.

तुझा,
योगेंद्र