उभ्यानं लावलेली बटणं

तीर्थरूप बाबा,

दुरूनच पाया पडते. मी मजेत आहे, खोली उबदार आहे, जेवण वेळेवर होतं. आईचा खोकला थांबला का?

वॉर्डात सध्या माझ्याकडे गुदद्वाराजवळच्या गळवांचे पेशंट आहेत. काहींचा नुसता पू काढतात. काहींच्या गळवामागची भगंदराची नळीही त्याच वेळी उघडतात. कोणाचं पुन्हा उलटतं, ते मी दर महिन्याला फोन करून विचारते. पहिला प्रश्न ठरलेला: "जेवायला बसता येतं का?"

नुसता पू काढलेल्यांपैकी बरेच जण "पुन्हा आलं" म्हणतात. नळी उघडलेल्यांत ते कमी, पण स्नायू दुखावला तर शौचावरचा ताबा जायची भीती. म्हणून सर्जन आधी नीट तपासतात, मग ठरवतात.

आणि मी? गेल्या वर्षी तुम्हालाही तिथंच गळू झालं, तेव्हा न बघता फोनवरच निकाल दिला, "पू काढून घ्या, तेवढं पुरे." तुम्हीही तेवढंच केलंत. चार बुकं शिकल्याचा तोरा, दुसरं काय!

ताई सांगत होती, तुम्ही हल्ली शिलाई मशीनला हात लावत नाही, खिडकीपाशी उभ्यानंच बटणं लावता. "तिथं उजेड बरा," म्हणालात म्हणे. तिला पटलं. मला नाही पटलं.

इतक्या परक्यांना विचारलं, घरातच विचारायचं राहिलं. बाबा, जेवायला बसता येतं का? उत्तर उभ्यानं लिहिलंत तरी चालेल, पण खरं लिहा.

तुमचीच,
धाकटी