नव्वदचं सत्तर केलं

मंगळवार, वापी

मग आधी सांगायला काय झालं होतं साहेबाला? मक्याचा लगदा पातळ करायला घालायचं एन्झाइम गरम झऱ्यातल्या जंतूंचं हाय, हे आज सांगून राहिला, टाकी वाया गेल्यावर! मला वाटलं विरजणासारखं असंल. आई दुधात बोट घालून बघती, कोमट झाल्याबिगर विरजण लावत न्हाई. म्हणून मीच वाफ कमी केली, नव्वद डिग्रीचं सत्तर केलं. तर एन्झाइम लई मंद पडलं अन् लगदा खळीवानी घट्ट बसला.

"दही लावतो का रे इथं?" साहेब सगळ्यांदेखत ओरडला.

सत्तरला बोट भाजतं, अन् ह्या एन्झाइमला थंडी वाजती? मला कसं कळावं?

नुकसान पगारातून कापलं. उद्या नांदेडला धाकट्या बहिणीच्या, रेखाच्या नर्सिंगची फी भरायचा शेवटचा दिवस. सहा हजार पाहिजेत. पाठवून राहिलो नऊशे रुपये.