एकतीस वह्यांतली चूक

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

मैलूर, बीदर
चैत्र वद्य ५, शके १८५९

तीर्थरूप अण्णांस,
जगदेवप्पाचा शरणार्थ. वहिनींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

इकडे आम्ही दोघं बरे आहोत. ऊन फार आहे. आमच्या विहिरीचं पाणी खूप खाली गेलंय, घागर भरेस्तोवर निलम्माचे हात भरून येतात. तिचा खोकला थांबला. वहिनींनी संक्रांतीला दिलेली कारळ्याची चटणी अजून आहे, पण आमच्या घरात सध्या कुणी चवीनं जेवत नाही.

पंधरा दिवसांत तुम्हाला दोन पत्रं लिहिली आणि दोन्ही फाडली. हे फाडणार नाही.

तुमच्या मल्लप्पाला आडतीवर ठेवायचं तुम्ही ठरवलंय, असं आपल्या गावचा रेवणसिद्धप्पा आळंदहून येताना सांगत आला. अक्षय तृतीयेपासून तो तुरीची पोती मोजणार म्हणे. तुम्हाला अडवायला मला तोंड नव्हतं.

आधी शाळेचं सांगतो. यंदा मल्लप्पाच्या नववीला सरळ रेषेची समीकरणं शिकवताना माझा जीव मेटाकुटीला आला. पोरं घरी मराठी बोलतात नाहीतर कानडी, आणि पुस्तक उर्दूत. समीकरणाला 'मसावात' म्हणायचं. आडव्या अंतराचं नाव 'ला', उभ्याचं 'मा'. 'ला' म्हटलं की मागच्या बाकावरून कुणीतरी 'क्या लाऊं, साब?' म्हणतो आणि सगळा वर्ग फिदीफिदी हसतो. नियम विचारला की पोपटासारखा म्हणतात. दोन बिंदू देऊन रेघेची मसावात लिहा म्हटलं की बत्तीस माना खाली. ओरडून ओरडून माझा घसा बसला. एकेकदा वाटे, खडू फेकून द्यावा आणि सरळ हिप्परग्याला येऊन तुमच्याबरोबर औत धरावं.

एक दिवस चिडून पुस्तक मिटलं आणि पोरांना शाळेमागच्या मळ्यात नेलं. तिथं मोट चालू होती. हौदात आधीचं दोन वीत पाणी होतं, दर दोन मोटांना एक वीत चढत होतं. म्हटलं, किती मोटा झाल्या म्हणजे किती पाणी, हे एका ओळीत लिहा. कुणी हौदात हात घालून वीत मोजायला लागला, कुणी पाय धुऊन घेतले. दोघं बैलांच्या मागेच गेले. ओळ लिहिली एकट्या मल्लप्पानं. वर मला म्हणाला, "काका, हे तर सोपं हाय. आधी किती होतं अन् किती चढायलंय, एवढंच बघायचं."

आठ महिने मी जे सांगत होतो ते त्यानं एका वाक्यात सांगितलं. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही, अण्णा, हेवा वाटला. तेव्हा मी तो विचार मनातून झटकला. आज लिहितोय.

मग माघात मोहतमीमसाहेब शाळा तपासायला आले. माझ्या वर्गात मागे खुर्ची टाकून बसले. माझ्या बढतीचा कागद त्यांच्याच हातात होता. मी फळ्यावर दोन बिंदू घेतले. पहिला, ला दोन, मा तीन. दुसरा, ला सहा, मा पाच. उभा फरक काढताना दुसऱ्यातून पहिला वजा केला आणि आडवा फरक काढताना पहिल्यातून दुसरा. साधी वजाबाकी, पण उलटी पडली. चढ उणे आला. तसंच पुढे रेटून मसावात पुरी केली आणि पोरांना उतरून घ्या म्हटलं.

मल्लप्पा उभा राहिला. घाबरून उर्दू विसरला असेल, मराठीतच बोलला. "काका, रेघ वर चढायलीय, अन् तुमची मसावात खाली उतरायलीय. लाच्या जागी सहा घातले तर पाच यायला पायजे. तुमच्यात एक यायलाय."

मोहतमीमसाहेबांचा विषय फारसी. त्यांना त्यातलं काही कळलं नसेल, पण एक पोरगा भर वर्गात मास्तरला काका म्हणून अडवतोय, एवढं कळलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मल्लप्पाला पुढे बोलावलं आणि हात पुढे कर म्हणालो.

चार छड्या मारल्या. पहिली मारली तेव्हाच त्याच्या खांद्यावरून फळ्यावरची माझी चूक मला दिसली होती. तरी उरलेल्या तीन मारल्या.

साहेबांनी शेरा लिहिला, शिस्त उत्तम. एकतीस पोरांनी ती चुकीची मसावात वहीत उतरून घेतली. संध्याकाळी घरी निलम्मानं मल्लप्पाला विचारलं, हात कशानं सुजला. तो म्हणाला, "विहिरीचा दोर घासला." मी तिथेच बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी वर्गात चूक सुधारता आली असती. उद्या सांगू, परवा सांगू म्हणत वार्षिक परीक्षा आली. कडी म्हणजे पेपर माझा, आणि त्यात तसलाच प्रश्न मीच घातला. का घातला, देव जाणे. आठ गुणांचा. सत्तावीस जणांनी मी शिकवल्याप्रमाणे उलटी वजाबाकी केली. चौघांनी कोराच सोडला. मल्लप्पाचं बरोबर होतं. त्याला आठ दिले, तर सत्तावीस जण विचारणार की आमचं का काटलं. दोन्ही उत्तरं बरोबर असणं शक्य नव्हतं. मी सत्तावीस जणांना पुरे गुण दिले आणि मल्लप्पाच्या उत्तरावर तांबडी काट मारली.

तो चार गुणांनी नापास झाला.

तुम्ही त्याला न्यायला आलात तेव्हा मी तुम्हाला सांगितलं की त्याचं अभ्यासात लक्ष नाही. तुम्ही पाणीसुद्धा घेतलं नाहीत. म्हणालात, "तुझ्याजवळ राहून जो शिकला न्हाई, त्याला आता कोण शिकवायचं?" मल्लप्पा गाठोडं घेऊन दारात उभा होता. त्यानं सगळं ऐकलं आणि वाकून माझ्या पाया पडला. खरं काय झालं ते तो तुमच्याजवळही आजवर बोलला नसणार, हे मी जाणतो.

निलम्माला त्याचा पेपर माझ्या पेटीत सापडला. तिला अक्षर येत नाही, पण तांबडी काट कळते, आणि माझं तोंडही. तिनं विचारलं, मी सांगितलं. ती म्हणाली, "पोरानं सांगितलं न्हाई, म्हणून तुम्ही बी सांगणार न्हाईत काय?" त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलते.

काल मी सदर मुदर्रिससाहेबांकडे, म्हणजे आमच्या हेडमास्तरांकडे, गेलो आणि सगळं लेखी दिलं. त्यांनी कागद दोनदा वाचला. म्हणाले, हा कागद पुढे गेला तर बढती जाईलच, शिवाय हायस्कूलही सुटेल, कुठल्यातरी खेड्यात पाढे शिकवत बसाल. विचार करून उद्या या. मी म्हटलं, विचार करण्यातच दोन महिने गेले, साहेब. त्यांनी कागद ठेवून घेतला. बाकीच्या पोरांचा दोष नाही, म्हणून त्यांचे गुण तसेच राहतील. मल्लप्पाचे आठ गुण त्यांनी माझ्यासमोर चढवले. तो पास आहे, अण्णा. दहावीच्या पटावर त्याचं नाव लिहिलेलं मी डोळ्यांनी पाहिलं.

माझ्या बदलीचा हुकूम अजून यायचाय. आज सकाळी, सुट्टी लागायच्या आत, एकतीस पोरांना वर्गात उभं राहून सांगितलं की ती मसावात चुकीची होती आणि मल्लप्पाची बरोबर. कुणी हसलं नाही. एकानं विचारलं, "मग त्याला मारलं कामून?"

बाबा गेले तेव्हा तुम्ही चौथीत होतात. तुम्ही शाळा सोडून औत धरलंत, तेव्हा मी गुलबर्ग्याला शिकू शकलो. त्याची परतफेड मी तुमच्या पोराला अशी केली. यावर तुम्ही काय बोलाल ते मी ऐकून घेईन, काहीच बोलला नाहीत तर तेही सोसेन. पण त्याला आडतीवर पाठवू नका. तो माझ्या घरी राहायला नको म्हणाला तर शहरात मठाचं बोर्डिंग आहे, मी स्वामींशी बोलून ठेवलंय. रस्त्यात भेटलो तर त्यानं माझ्याशी बोललंच पाहिजे असंही नाही.

तुमचं वाचून झालं की हे पत्र मल्लप्पाच्या हातात द्या. वाचून दाखवू नका, त्याचं त्याला वाचू द्या.

तुम्ही शिकवलेला,
जगदेवप्पा