भाऊजींचा हातभार

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तुझे गुडघे कुरकुरत का होईना, चालत असतील. भाऊजी ठणठणीत असणारच. ते स्वतःच तसं भेटेल त्याला सांगतात.

माझ्या साखरेने आता किडनीचं दार ठोठावलंय. डॉक्टरीणबाईंनी रक्त घेतलं आणि चोवीस तासांची लघवी साठवायला एक कॅन दिला (जन्मात साठवलेली ही पहिलीच गोष्ट, असं तुझी भावजय म्हणाली). कॅन बाथरूमच्या खिडकीखाली ठेवला. त्याच दिवशी भाऊजी आमच्याकडे मुक्कामाला होते, आठवतंय ना?

रिपोर्टच्या दुपारी दवाखान्यात बसलो होतो. समोर काचेच्या पेटीत एकच मासा, पोहता पोहता पेंगणारा. त्याचं बघून माझाही डोळा लागला, तर मी माझ्याच किडनीत. उबदार, अंधुक खोल्या, भिंतींना बारीक जाळ्या, कुठेतरी पाणी झिरपतंय. पांढऱ्या कपड्यांतली माणसं चपला काढून हळूच आत येत होती. धूर दिसला, मदतीला आलो, म्हणाली. धूर साखरेचा, जेमतेम चिमूटभर; पण त्यांनी सामान हलवलं, जाळ्या फाडल्या आणि तिथेच बैठक मारली. आता निघा, असं सांगायला तोंड उघडलं, तर त्यातून मासा निघाला आणि संथपणे पोहत गेला.

तेवढ्यात माझा पुकारा झाला. स्वप्न सांगितलं, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यालाच दाह म्हणतात: राखणदार पेशी मदतीला येतात आणि ठिय्या देतात, त्यांच्या खुणा रक्तात-लघवीत सापडतात. माझ्या लघवीत खुणांचा खच आणि प्रथिनांचा पूर. रक्तात मात्र फारसं काही नाही. त्या दोन्ही कागद आलटून पालटून बघत होत्या, मी मनात मृत्युपत्र जुळवत होतो (पुस्तकं तुला, शत्रू भाऊजींना). मग त्यांनी विचारलं, "कॅनमध्ये फक्त तुमचीच होती ना?"

घरी येऊन भाऊजींना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, "अरे, अर्धाच भरलेला दिसला. म्हटलं, पाहुणा आलोय, तेवढाच हातभार." तीनदा लावला म्हणे.

मग नवा कॅन, बाथरूमला कुलूप, किल्ली गळ्यात. या खेपेला प्रथिनं थोडी, दाह थोडा, औषधाने आवरेल. संध्याकाळी हलका होऊन गच्चीत पडलो. वरचं आभाळ पाण्यासारखं डुलत होतं. डोळे मिटले, तर पुन्हा त्याच खोल्या, तीच बैठक. फक्त भिंती माझ्या नव्हत्या.

बाकी सारं जागच्या जागी.

तुझा,
धाकटा

ता. क. पत्राचं कारण हे: पहिल्या कॅनमधून मला वजा केलं, तर उरतं कोण? भाऊजींना साखर नाही, कारण त्यांनी ती कधी तपासलेलीच नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लवकर आणा, अजून सावरता येईल. ताई, याच आठवड्यात त्यांना घेऊन ये.

ता. क. पुन्हा. ते तपासणीला तयार होणार नाहीत, ठाऊक आहे. म्हणून सोबत रिकामा कॅन पाठवतोय. सांग त्यांना, धाकट्याचा भरत नाहीये, जरा हातभार लावा.